पाहुणचाराची आठवण, अपराधाची नोंद

(कामरेज येथील वार्षिक साहित्य-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



मला दिलेला विषय जड आहे : 'साम्यवादी सर्वंकष राजवटींच्या अपराधांची सार्वजनिक दखल आणि आपले साहित्य'. तापीकाठच्या कामरेजमध्ये बसून रशिया-पोलंडच्या गोष्टी कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल तर ते स्वाभाविक आहे. पण या विषयाचा एक धागा आपल्या अंगणातून जातो. त्याचे एक टोक इथे गुजरातमध्ये, जामनगरजवळच्या बालाचडीला आहे आणि दुसरे कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी. गुजरातेत राहून मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना ही दोन्ही टोके जितकी जवळ आहेत, तितकी ती क्वचितच कुणाला असतील. म्हणून आधी वळिवड्याची हकीकत सांगते, मग विषयाकडे येते.

१९४३ साली कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, वळिवडे येथे पोलंडमधून आलेल्या निर्वासितांसाठी एक मोठी छावणी उभी राहिली. तिथे सुमारे ५,००० माणसे राहत होती, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. कर्ते पुरुष सैन्यात होते, किंवा मेलेले होते, किंवा कुठे आहेत याचा पत्ता नव्हता. लांबच लांब बराकींच्या रांगा, त्यांत कुटुंबागणिक खोल्या, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, स्काउटांची पथके असे एक संपूर्ण पोलिश गाव पंचगंगेच्या खोऱ्यात पाच वर्षे नांदत होते. त्याआधी, १९४२ मध्ये, नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला आपल्या समुद्रकाठच्या जागेत पोलिश मुलांची सोय केली होती. त्यांतली कित्येक मुले अनाथ होती. ती मुले जामसाहेबांना 'बापू' म्हणत. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हा तिथली बरीच मुले वळिवड्याला आली. १९४८ मध्ये वळिवड्याची छावणीही उठली. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना जागा मिळाली आणि त्यातून आजचे गांधीनगर वसले. गांधीनगरची घाऊक कापडपेठ तुम्हा सुरतकरांना मी नव्याने सांगायला नको.

ही हकीकत अलीकडे बरीच सांगितली जाते. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी कृतज्ञतेचे स्मारक उभारले आहे, कोल्हापूरच्या दफनभूमीत पोलिश कबरी आहेत, २०१९ मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभ झाला. वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे आणि वळिवडे-कोल्हापूरच्या छावणीचे स्मारकही आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सात या दोन्ही ठिकाणी पुष्पचक्र वाहिले. वर्तमानपत्रांत लेख आले, माहितीपट निघाले. आपली छाती भरून येते, आणि ती भरून यावी अशीच ही गोष्ट आहे.

पण ही गोष्ट सांगताना एक वाक्य हमखास चुकते. वर्गात मी विद्यार्थ्यांना विचारते, "ही माणसे घरदार सोडून का आली?" उत्तर ठरलेले असते : "हिटलरने हाकलले म्हणून." लेखांतही पुष्कळदा हेच असते, 'नाझी अत्याचारांपासून पळालेले निर्वासित'. पोलंड म्हटले की हिटलर आठवतो, त्यात गैर काही नाही. हिटलरने पोलंडची जी राखरांगोळी केली, तिला तोड नाही. पण वळिवड्याला आणि बालाचडीला आलेली बहुतेक माणसे हिटलरच्या तावडीतून सुटलेली नव्हती. ती स्टालिनच्या तावडीतून सुटलेली होती.

घटनाक्रम थोडक्यात सांगते. २३ ऑगस्ट १९३९ रोजी मॉस्कोत जर्मनी आणि सोव्हिएत युनियन यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. त्याला एक गुप्त जोड होती, तीत पूर्व युरोपची वाटणी ठरली होती. १ सप्टेंबरला हिटलर पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला, १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून घुसल्या. मग पूर्व पोलंडमध्ये एनकेव्हीडी म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचे काम सुरू झाले. १० फेब्रुवारी १९४०, १३ एप्रिल १९४०, पुढे जूनअखेर आणि पुन्हा जून १९४१ अशा चार लाटांत माणसे उचलून नेण्यात आली. रात्री किंवा पहाटे दारावर थाप पडे. सामान बांधायला थोडा वेळ मिळे. मग मालगाडीच्या डब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास, आणि शेवटी आर्खांगेल्स्कची जंगले, सायबेरिया किंवा कझाकस्तानचा ओसाड माळ. कुणी वनरक्षक होता, कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, कुणी पोलीस शिपायाची बायको. सोव्हिएत कागदपत्रांतून हद्दपारांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास निघतो, पोलिश लोकांचे जुने अंदाज याच्या कितीतरी पट होते. थंडी, उपासमार, टायफस आणि लाकूडतोड यांत किती जण गेले याचा हिशेब आजही घरोघरी वेगवेगळा मांडला जातो.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत युनियनवरच हल्ला केला आणि चित्र उलटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला. हद्दपार पोलिश नागरिकांना मोकळे करायचे आणि त्यांतून सैन्य उभारायचे ठरले. जनरल आंडर्स यांच्या नेतृत्वाखालचे हे सैन्य १९४२ मध्ये इराणकडे निघाले. सैनिक आणि त्यांच्याबरोबरची कुटुंबे मिळून सुमारे १ लाख १५ हजार माणसे बाहेर पडली. त्यांतल्या काही हजारांना इराणहून कराचीमार्गे आणि मग रेल्वेने आपल्या वळिवड्याला आणले गेले. बालाचडीची पहिली मुले तर मध्य आशियातून इराणच्या वाटेने, पुष्कळसा रस्ता ट्रकमधून कापत भारतात पोचली.

आता इथे भाषेच्या माणसांनी थांबावे असा एक शब्द येतो. या माणसांना मोकळे करणारा सोव्हिएत हुकूम १२ ऑगस्ट १९४१ रोजी निघाला. त्यात त्यांना मोकळे करण्यासाठी 'अम्नेस्तिया' हा शब्द होता, म्हणजे माफी. माफी कुणाला देतात? ज्याने गुन्हा केला त्याला. सहा वर्षांच्या मुलीने, सत्तर वर्षांच्या आजीने कोणता गुन्हा केला होता? ज्याने अपराध केला त्यानेच ज्याच्यावर अपराध झाला त्याला माफी दिली, आणि ती कागदावर लिहून दिली. 'कबुली' हा शब्द जिथे हवा होता, तिथे 'माफी' बसवला गेला. पोलिश सरकारनेही तो नाइलाजाने गिळला, कारण शब्दावर अडून बसले असते तर माणसे सुटली नसती.

त्या राजवटीच्या कारभाराच्या भाषेत असे आणखी शब्द सापडतात. हद्दपारांना 'विशेष वसाहतकरी' म्हणत. जमीनदार तर सोडाच, दोन गायी बाळगणारा शेतकरीही 'वर्गशत्रू' ठरू शके. आणि एक शब्दप्रयोग तर काळजाला घरे पाडणारा आहे. १९३७-३८ च्या काळात ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांच्या घरच्यांना कळवले जाई, 'पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षे शिक्षा'. बायको दहा वर्षे वाट पाही. माणूस पहिल्याच आठवड्यात गेलेला असे. या काळात मारल्या गेलेल्यांत आपलेही लोक होते. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, जे लंडनला 'इंडिया हाऊस'मध्ये सावरकरांच्या वर्तुळात वावरले होते, आणि अवनी मुखर्जी, हे दोघेही भारतीय क्रांतिकारक सोव्हिएत भूमीवर आश्रयाला गेले होते. दोघांनाही १९३७ मध्ये गोळ्या घालून मारण्यात आले. इंग्रजांनी फाशी दिलेल्या क्रांतिकारकांची नावे आपल्या शाळकरी मुलांना पाठ असतात, ही दोन नावे किती जणांना माहीत असतात?

शिक्षक मित्रांना आठवत असेल, आपण व्याकरणात प्रयोग शिकवतो. 'शिपायाने चोर पकडला' यात शिपाई दिसतो. 'चोर पकडला गेला' म्हटले की शिपाई वाक्यातून निघून जातो आणि वाक्य तरीही पुरे वाटते. इतिहास लिहिताना आपल्याला हा दुसरा प्रयोग फार आवडतो. 'लाखो लोक मारले गेले', 'असंख्य कुटुंबे विस्थापित झाली.' कुणी मारले? कुणी विस्थापित केली? 'निर्वासित' या आपल्या शब्दाचेही तसेच आहे. ज्याचा वास सुटला तो निर्वासित. वास कुणी सोडवला हे तो शब्द सांगत नाही. पूर आला तरी माणूस निर्वासित होतो. 'हद्दपार' म्हटले की मात्र हद्दीबाहेर काढणारा कुणीतरी उभा राहतो. वळिवड्याची माणसे आपल्याकडे आली तेव्हा निर्वासित होती, पण त्याआधी ती हद्दपार होती. आपण दुसरा शब्द जपला, पहिला हरवला.

आजच्या विषयात 'दखल' हा शब्द आहे. त्याच्या जवळपास मराठीत चार शब्द आहेत आणि चौघांचे काम वेगळे आहे. नोंद कारकून करतो. साक्ष ज्याने पाहिले तो देतो. दखल तिऱ्हाईत घेतो. कबुली ज्याने केले त्यालाच द्यावी लागते. साम्यवादी राजवटींच्या अपराधांबाबत जगात या चौघांपैकी काय काय झाले, हे कातिनच्या उदाहरणावरून पाहू.

५ मार्च १९४० रोजी सोव्हिएत पॉलिटब्यूरोने पोलिश युद्धकैदी अधिकारी आणि इतर कैद्यांना गोळ्या घालण्याचा निर्णय घेतला. त्या वसंतात सुमारे २२,००० माणसे मारून कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी पुरली गेली. सैन्यातले अधिकारी तर होतेच, शिवाय डॉक्टर, वकील, प्राध्यापक होते, कारण राखीव अधिकारी सुशिक्षितांतूनच येत. १३ एप्रिल १९४० ची हद्दपारी आठवा. त्या लाटेत याच कैद्यांची कुटुंबे मोठ्या संख्येने उचलली गेली. नवरा जंगलात पुरलेला आणि बायको-मुले कझाकस्तानात, अशी ती व्यवस्था होती. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी त्या कबरी उकरून जगाला दाखवल्या. पोलिश सरकारने रेड क्रॉसकडे चौकशीची मागणी करताच स्टालिनने त्याच्याशी संबंध तोडले. वळिवड्याच्या बराकी भरू लागल्या त्या याच सुमाराला. पत्राची वाट पाहणाऱ्या किती बायका त्या गाडीतून उतरल्या असतील याचा विचार करा.

सोव्हिएत सरकारने सांगितले, हे जर्मनांनी केले. ब्रिटन आणि अमेरिका यांना खरे काय ते ओळखता येत होते, पण युद्ध जिंकायला स्टालिन हवा होता. जुलै १९४५ मध्ये त्यांनी लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. वळिवड्यातली माणसे ज्या सरकारच्या नावाने राहत होती ते सरकारच जगाच्या लेखी उरले नाही. त्यांची पूर्व पोलंडमधली गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. म्हणून १९४७-४८ मध्ये त्यांतले पुष्कळ जण पोलंडला न जाता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत पांगले.

पुढची चाळीसहून अधिक वर्षे साम्यवादी पोलंडमध्ये कातिन हा शब्द उघड बोलायची सोय नव्हती. मृत्यूचे साल १९४० असे कोरणे म्हणजे सरकारशी वैर घेणे होते, कारण १९४० मध्ये तो प्रदेश सोव्हिएत ताब्यात होता, जर्मन तिथे १९४१ ला पोचले. म्हणजे एक साल हेच पूर्ण आरोपपत्र होते. १९७६ मध्ये लंडनच्या गनर्सबरी दफनभूमीत पोलिश लोकांनी स्मारक उभारले, त्यावर मोठ्या अक्षरांत 'कातिन १९४०' असे कोरले. मॉस्को नाराज होईल म्हणून ब्रिटिश सरकारने अनावरणाला प्रतिनिधी पाठवला नाही. शेवटी १३ एप्रिल १९९० रोजी, गोर्बाचेव यांच्या काळात, सोव्हिएत सरकारने हा अपराध एनकेव्हीडीचा असल्याचे मान्य केले. १९९२ मध्ये मूळ निर्णयाचा कागद बाहेर आला. पन्नास वर्षांनी आलेली ती कबुली होती.

मात्र कबुली एकदा आली म्हणजे ती कायमची झाली असे होत नाही. २००४ मध्ये रशियाच्या लष्करी सरकारी वकिलांनी कातिनचा तपास बंद केला आणि त्यातले बरेच कागद गुप्त ठरवले. हजारो बळींची नावे गोळा करणारी 'मेमोरियल' ही रशियन संस्था २८ डिसेंबर २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बरखास्त केली. पुढच्याच वर्षी ती शांततेच्या नोबेल पुरस्काराची मानकरी झाली. युरोपच्या परिषदेच्या संसदीय सभेने २५ जानेवारी २००६ रोजी साम्यवादी सर्वंकष राजवटींच्या अपराधांचा निषेध करणारा ठराव केला, पण सरकारांनी पुढे काय करावे हे सांगणाऱ्या शिफारशीला लागणारी दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. दखल घेतली गेली, पावले पुढे पडली नाहीत.

मित्रहो, आता आपल्याकडे वळते. हे सगळे आपल्या साहित्यात का आले नाही? आपण कोत्या मनाचे होतो म्हणून नाही. कारणे समजून घेण्यासारखी आहेत. अण्णा भाऊ साठे यांनी महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तेव्हा तिथे खरोखरच माणसे हिटलरशी घराघरातून लढत होती. सोव्हिएत युनियनने त्या युद्धात सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावली. तो पोवाडा त्या लढणाऱ्यांचा होता, आणि त्यांच्यापुढे मान लवलीच पाहिजे. पुढे १९६१ मध्ये अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि त्यांनी त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. आपल्याच देशात ज्याला माणूस म्हणून वागणूक मिळाली नाही, त्याला तिथे मिळालेला मान किती मोलाचा वाटला असेल! त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत सरकारने स्वतःच स्टालिनग्राडचे नाव बदलून व्होल्गोग्राड केले आणि स्टालिनचे शव लेनिनच्या समाधीतून हलवले. त्याआधी, फेब्रुवारी १९५६ मध्ये, ख्रुश्चेव यांनी बंद दाराआडच्या भाषणात स्टालिनच्या अपराधांचा पाढा वाचला होता. म्हणजे पोवाड्यातले शौर्य खरे, आणि वळिवड्याच्या बाईचे दुःखही खरे. एकाच राज्याने हिटलरला अडवले आणि त्याच राज्याने तिचे घर उद्ध्वस्त केले. ही दोन वाक्ये एकमेकांना खोटे पाडत नाहीत. ती एका पानावर लिहिण्याची सवय मात्र आपण लावून घेतली नाही.

दुसरे कारण मैत्रीचे. स्वातंत्र्यानंतर सोव्हिएत युनियन आपल्या बाजूने उभा राहिला, १९७१ मध्ये तर करार करून उभा राहिला. मॉस्कोत छापलेली स्वस्त आणि देखणी मराठी पुस्तके आपल्या घरांत आली. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी चेकॉव, टॉलस्टॉय, गॉर्की त्याच पुस्तकांतून वाचले. त्या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. पण ज्या घराने पुस्तके पाठवली त्या घरात कोणती पुस्तके छापली जात नव्हती, हा प्रश्न वाचक म्हणून आपण विचारायला हवा.

आता तीन आक्षेप. ते मला नेहमी विचारले जातात आणि त्यांची उत्तरे देणे भाग आहे.

पहिला असा की, हे म्हणजे डाव्या चळवळीला बदनाम करणे आहे. मी तसे मानत नाही. इथून फार लांब नसलेल्या तलासरी-उंबरगाव पट्ट्यात वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले, १० ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांच्यावर गोळीबार झाला, आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचे पुस्तक मराठीचे भूषण आहे. त्या वारल्यांवर कातिनचा डाग लावणे हा अन्यायच होईल. ज्या युरोपीय ठरावाचा मी उल्लेख केला, त्यातही युरोपातल्या काही साम्यवादी पक्षांनी लोकशाहीसाठी काम केल्याचे नमूद आहे. राजवटीचा अपराध आणि गरिबांची चळवळ या गोष्टी वेगळ्या आहेत. उलट, ज्यांचे त्या विचारावर प्रेम आहे त्यांनीच हे आधी बोलावे. सोव्हिएत तुरुंगांत आणि छावण्यांत मेलेल्यांत निष्ठावान साम्यवादीही हजारोंनी होते.

दुसरा आक्षेप, मग इंग्रजांचे काय? अगदी रास्त प्रश्न आहे. वळिवड्याची छावणी उभी राहिली त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने सुमारे ३० लाख माणसे दगावली. ज्या सरकारने पोलिश मुलांच्या गाड्यांची व्यवस्था केली, त्याच सरकारने बंगालला वाऱ्यावर सोडले. याचीही पुरती कबुली आजवर मिळालेली नाही. पण म्हणून एकाचा अपराध दुसऱ्याच्या अपराधाने फिटत नाही. मृतांच्या बाबतीत वजाबाकी करायची नसते. युक्रेनमध्ये १९३२-३३ च्या दुष्काळात सरकारी सक्तीने धान्य ओढून नेल्यामुळे मेलेली लाखो माणसे, चीनमध्ये १९५८ नंतर मोठ्या झेपेच्या नावाखाली उपाशी मेलेली कोट्यवधी माणसे, कंबोडियात चार वर्षांत संपवलेला सुमारे एकपंचमांश देश, आणि बंगाल, या प्रत्येकाची वही वेगळी असावी आणि प्रत्येक वही पूर्ण लिहिलेली असावी.

तिसरा आक्षेप सर्वांत साधा आहे : आपला काय संबंध? आपला संबंध साक्षीदाराचा आहे. त्या हद्दपारीतून वाचलेली माणसे आपल्या गावात पाच वर्षे राहिली. आपल्या बाजारात त्यांनी भाजी घेतली. त्यांची माणसे आपल्या मातीत पुरली आहेत. कोल्हापूर परिसरात या छावणीच्या आठवणी घराघरांत सांगितल्या गेल्या. ज्याच्या ओसरीवर जखमी माणूस पाच वर्षे राहून गेला, त्याने "आम्ही त्याला जेवू घातले" एवढेच सांगायचे, की "त्याला जखम अशी झाली होती" हेही सांगायचे? पहिल्या वाक्यात आपला मोठेपणा असतो, त्याचा न्याय दुसऱ्यात असतो. पहिले वाक्य आपण स्मारकांवर कोरले. दुसरे नुसते गाळले असते तरी एक वेळ चालले असते, पण आपण तिथे 'हिटलर' असे चुकीचे नाव घालून टाकले. आपली माया खरी, पण त्या चुकीच्या नावामुळे जो खरा अपराधी होता तो आपल्या गोष्टीपुरता निर्दोष सुटतो.

लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी म्हणून यात आपल्याला करता येण्यासारखे काम आहे, आणि ते फार मोठ्या खर्चाचे नाही. वळिवड्यातून पांगलेल्या माणसांनी पुढे संघटना केली, आठवणी गोळा करून जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. सायबेरियातून बाहेर पडलेल्या पोलिश लेखकांनी लिहिले. गुस्ताव हेर्लिंग हे आंडर्स यांच्या सैन्याबरोबरच बाहेर पडले, आणि सोव्हिएत छावणीवरचे त्यांचे पुस्तक १९५१ मध्येच इंग्रजीत आले होते. असे लेखन मराठी आणि गुजराती वाचकाच्या हाती पडायला हवे. भारतात राहिलेल्या वांदा दिनोव्स्का आणि मॉरिस फ्रिडमन यांनी १९४४ मध्ये भारतीय-पोलिश ग्रंथमाला सुरू करून आपले साहित्य पोलिशमध्ये नेले. हे तेच फ्रिडमन, ज्यांनी औंध संस्थानच्या ग्रामराज्याच्या प्रयोगाला हात लावला आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत नेली. त्यांनी आपले तिकडे नेले, त्यांचे इकडे आणणे ही आपली परतफेड आहे. दुसरे काम तरुण विद्यार्थ्यांचे. गांधीनगरच्या सिंधी कुटुंबांकडे, वळिवडे-रुकडीच्या वयोवृद्धांकडे, बालाचडीच्या परिसरात, जिथे आज सैनिकी शाळा आहे, छावणीच्या आठवणी जेवढ्या उरल्या आहेत तेवढ्या टिपून घ्याव्यात. सुरतेहून जामनगरही गाठता येते आणि कोल्हापूरही. ही दोन टोके जोडणारा प्रबंध दक्षिण गुजरातेतल्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याने लिहावा, असे मला मनापासून वाटते.

आणि तिसरे काम उद्यापासून करता येईल. वर्गात, लेखात, सहलीत स्मारकासमोर उभे राहून जेव्हा ही गोष्ट सांगाल, तेव्हा कर्ता दिसणारे एक वाक्य तिच्यात घाला : १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी या माणसांना त्यांच्या घरांतून उचलून नेले होते. एवढ्या एका वाक्याने आपल्या पाहुणचाराची गोष्ट छोटी होणार नाही. उलट, आपण कुणाला आसरा दिला होता हे तेव्हाच नीट कळेल.